फ्लाय बांधायचा रोटरी वाइस: घ्यायचा की थांबायचं? पैसे भरण्याआधीच्या सात तपासण्या



घरबसल्या करायच्या हातकामाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, मशीन कुठलं घेऊ?" काम कुणाला विकायचं, कितीला विकायचं, हे प्रश्न नंतर येतात. कधी कधी येतच नाहीत. आज आपण एक अगदी छोटं हत्यार घेऊन हाच प्रश्न नीट सोडवणार आहोत. हत्यार आहे मासेमारीच्या फ्लाय बांधायचा रोटरी वाइस. तुम्हाला फ्लाय बांधायच्या नसतील तरीही शेवटपर्यंत वाचा. शिलाई मशीन असो, पॅकिंग मशीन असो की दागिन्यांचं सोल्डरिंग स्टेशन, तपासायची पद्धत हीच लागते.

नालासोपाऱ्यात हा विषय का?

नालासोपारा, विरार, वसई या पट्ट्यात इमिटेशन ज्वेलरीचं काम घराघरात चालतं. मणी ओवणं, खडे चिकटवणं, कड्या जोडणं, आणि पैसे नगावर किंवा डझनावर. म्हणजे बारीक वस्तू बोटात धरून, एकसारखी, शेकड्यांनी बनवायची सवय इथल्या हातांना आहे. फ्लाय बांधायला नेमकं हेच कौशल्य लागतं. दुसरी गोष्ट, अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर इथला समुद्र आपल्या दारात आहे. गळ आणि मासा इथे कुणाला शिकवावा लागत नाही. तिसरी गोष्ट, वालीव, गोखिवरे, सातिवली, पेल्हार इथल्या गाळ्यांमध्ये लेथ आणि मिलिंगचं काम होतं. त्यामुळे काहीजण वाइस विकत घेण्याचा विचार करतील, तर काहीजण म्हणतील, "हा तर आपणच बनवू." दोघांचाही हिशोब खाली मांडला आहे.

आधी समजून घेऊ: फ्लाय म्हणजे काय?

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, केस, चमकी बांधून तयार केलेलं कृत्रिम आमिष. माशाला ते माशी, अळी, कोळंबी किंवा लहान मासळी वाटलं पाहिजे. आपल्याकडे कोळंबीचा तुकडा लावून गरवतात, तसं इथे खरं खाद्य लावत नाहीत. फ्लाय वजनाला इतकी हलकी असते की ती फेकायला खास जाड, वजनदार दोरी आणि लवचिक काठी लागते.

काही नमुने जगभर चालतात. 'क्लाउझर मिनो' घ्या. अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ साली हा नमुना तयार केला. गळावर धातूचे डंबेलसारखे दोन डोळे आणि त्यावर लांब केस, एवढीच मांडणी. गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यात चालतो. 'वूली बगर' हा दुसरा. त्यात पिसाची शेपटी, जाड अंग आणि त्यावर गोल गोल गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस असतं. हे दोन नमुने लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

वाइस नेमकं काय करतो?

सुतार लाकूड धरायला वाइस वापरतो, तसाच हा छोटा वाइस गळ धरतो. गळाचा बाक जबड्यात पकडायचा, दांडी आडवी बाहेर ठेवायची आणि त्या दांडीवर दोऱ्याने काम करायचं. बाजारात मुख्य तीन प्रकार दिसतात.

१. स्थिर वाइस. गळ एकदा धरला की धरला. फिरत नाही, हाताने दोरा आणि पीस फिरवायचं. अमेरिकेतला जुना 'थॉम्पसन ए' हा याचा नमुना. त्याच धर्तीवर भारतात बनलेले स्वस्त वाइस सुरुवातीच्या किटमध्ये परदेशातही विकले गेले आहेत.

२. फिरणारा वाइस. डोकं फिरतं, पण गळाची दांडी फिरण्याच्या अक्षावर नसते. फिरवलं की गळ वर-खाली गोल हिंडतो. मागची बाजू बघायला ठीक, फिरवत गुंडाळायला निरुपयोगी.

३. खरा रोटरी. यात गळाची दांडी बरोबर अक्षावर येते. डोकं फिरवलं की गळ जागच्या जागी फिरतो, लेथवर जॉब फिरतो तसा. रेनझेटी, नॉरवाइस, पीक हे या प्रकारातले परदेशी नावाजलेले ब्रँड.

आता गंमत बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या जाहिरातीत शब्द एकच असतो: "रोटरी". किमतीत आणि कामात मात्र मोठा फरक. म्हणून नाव वाचून पैसे भरू नका. तपासून भरा.

रोटरीचा फायदा कुठे होतो आणि कुठे नाही?

फायदा होतो तो असा:

- अंगावर पीस किंवा तार एकसारख्या अंतराने गुंडाळायची असेल तेव्हा. वूली बगर हे याचं उत्तम उदाहरण. एका हाताने पीस ताणून धरायचं, दुसऱ्या हाताने मूठ फिरवायची. वेटोळे समान पडतात.
- खालची आणि मागची बाजू तपासताना. दोन्ही डोळे सरळ बसलेत का, केस एका बाजूला कललेत का, हे मान न वाकवता दिसतं.
- गळ उलटा करून खालच्या बाजूला केस बांधताना. क्लाउझर मिनोमध्ये हे करावं लागतं.
- डोक्यावर इपॉक्सी किंवा यूव्ही रेझिन लावताना. फिरवत राहिलं की थेंब एका बाजूला ओघळत नाही.

आणि फायदा होत नाही तो असा: साध्या, छोट्या नमुन्यात, जिथे चार वेढे आणि एक गाठ एवढंच काम आहे, तिथे सरावाचा हात मूठ फिरवण्यापेक्षा स्वतःच लवकर फिरतो. सुकवायच्या कामासाठीही महागडा वाइस अडवून ठेवायची गरज नाही. कमी वेगाच्या छोट्या गिअर मोटरवर फोमची चकती बसवली की त्यात दहा-बारा फ्लाय खोचून सुकवता येतात आणि वाइस पुढच्या कामाला मोकळा होतो.

सात तपासण्या

दुकानात, ओळखीच्या माणसाकडे किंवा कुरिअर उघडल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत या सात तपासण्या करा. सोबत तीन मापांचे गळ, थोडा दोरा, एक काडेपेटी आणि मोबाइल ठेवा. गळाच्या मापाबद्दल एक सूचना: आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. म्हणजे १२ नंबर हा ६ नंबरापेक्षा लहान. पण १/०, २/० या मापात आकडा वाढला की गळ मोठा होतो. तुम्ही ज्या मापाच्या फ्लाय विकणार, तेच गळ तपासणीला घ्या.

तपासणी १: पकड. ही सगळ्यात महत्त्वाची. गळ धरा आणि नेढ्याजवळ अंगठ्याने हळूहळू खाली दाबा. चष्मा घाला, कारण कडक पोलादाचा गळ तुटून उडू शकतो. चांगल्या वाइसमध्ये गळ थोडा वाकेल, पण जबड्यातून सरकणार नाही. लहान, मध्यम, मोठा, तिन्ही गळांवर करा. एका मापावर पकड घट्ट आणि दुसऱ्यावर ढिली, असं पुष्कळ वाइसमध्ये होतं. जबडा आवळायची पद्धतही बघा. काहींत कॅम असतो, काहींत स्क्रू. रीगलसारख्या वाइसमध्ये स्प्रिंग असते, मूठ दाबली की जबडा उघडतो आणि गळाच्या मापाप्रमाणे वेगळी जुळवणी करावी लागत नाही. दिवसाला वीस-पंचवीस गळ बदलायचे असतील तर हा वेळही मोजायचा असतो.

तपासणी २: मध्य. गळ धरा. काडेपेटीतली एक काडी खोडरबरात उभी खोचून तिचं टोक गळाच्या नेढ्याला जवळजवळ टेकेल असं ठेवा. आता वाइस सावकाश फिरवा. नेढं काडीच्या टोकापाशीच राहिलं तर दांडी मध्यावर आहे. नेढं जवळ-लांब जात गोल काढत असेल तर मध्य चुकला. लगेच वाइस वाईट ठरवू नका. आधी गळ थोडा वर-खाली करून बघा, कारण गळाचं माप बदललं की खऱ्या रोटरीमध्येही जुळवणी बदलावी लागते. जुळवूनही गोल येतच असेल तर तो दुसऱ्या प्रकारातला वाइस आहे, किंवा त्याचा शाफ्ट वाकडा आहे.

तपासणी ३: ढिलेपणा. जबड्याचं टोक चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. टक-टक जाणवली तर बुश सैल आहे. नव्या वाइसमध्ये ती जाणवत असेल तर सहा महिन्यांनी काय होईल, विचार करा.

तपासणी ४: ब्रेक. फिरण्याला किती अटकाव हवा, हे ठरवायचा स्क्रू बहुतेक रोटरी वाइसला असतो. डंबेल डोळे बांधलेला गळ लावा आणि अर्ध्या फेऱ्यावर सोडून द्या. वजनाने आपोआप खाली फिरला तर स्क्रू थोडा आवळा. आवळल्यावर फिरणं खडबडीत, अडत-अडत होत असेल तर ते काम करताना रोज छळेल.

तपासणी ५: बॉबिनचा आधार. ही गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. वाइस फिरवायला लागलात की दोऱ्याची बॉबिन खाली लोंबत असते आणि दोराही दांडीवर गुंडाळला जातो. म्हणून गळाच्या रेषेत समोर एक छोटा दांडा हवा, ज्यावर बॉबिन टेकवता येते. मग दोरा अक्षाच्या रेषेत राहतो आणि नुसतं पीस गुंडाळलं जातं. हा आधार किमतीत आहे की वेगळा घ्यावा लागतो, विचारा. तो नसेल तर रोटरीचा अर्धा उपयोग गेला.

तपासणी ६: बैठक. वाइस दोन प्रकारे उभा राहतो. टेबलाच्या कडेला आवळायचा सी-क्लॅम्प किंवा जड लोखंडी पाट. वन रूम किचनमध्ये कामाचं कायमचं टेबल क्वचितच असतं. चौरंगावर किंवा घडीच्या टेबलावर काम करणार असाल तर क्लॅम्पचं तोंड त्या फळीला बसतं का, ते मोजा. काम संपल्यावर उचलून ठेवायचं असेल तर पाट सोयीचा, पण तो पुरेसा जड हवा. दोरा ताणून ओढा. पाट उचलला गेला किंवा सरकला तर चालणार नाही.

तपासणी ७: धातू आणि सुटे भाग. वीस गळ लावून काढा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून जबड्याच्या ओठांकडे बघा. खाचा पडल्या असतील तर पोलाद मऊ आहे किंवा नीट पाणी दिलेलं नाही. अशा जबड्याची पकड महिन्यागणिक सुटत जाते. आपल्याकडचा खारा वारा आणि चार महिने पावसाळा लक्षात घेता गंजही बघायला हवा. स्टेनलेस किंवा पितळी भाग बरे. साधं पोलाद असेल तर रोज रात्री तेलाचा बोळा फिरवायची तयारी हवी. शेवटचा प्रश्न: जबडा सुटा मिळतो का? नसेल तर जबडा गेला म्हणजे वाइस गेला. बुश, स्क्रू, बेअरिंग हे प्रमाणित मापाचे असतील तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधता येतात. कंपनीच्या खास मापाचा जबडा तिथे मिळणार नाही.

आता हिशोब मांडू

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे तुम्ही विचारून, मोजून भरायचे.

समजा एक फ्लाय ४० रुपयांना जाते. गळ ८ रुपये, दोरा-पिसं-केस ५ रुपये, रेझिन १ रुपया. माल झाला १४ रुपये. हातात राहिले २६ रुपये.

समजा चांगला स्थिर वाइस २,००० रुपयांना आणि खरा रोटरी १२,००० रुपयांना पडतो. परदेशातून मागवणार असाल तर वेबसाइटवरची किंमत धरू नका. कुरिअर, सीमाशुल्क, जीएसटी मिळून घरपोच जे पडेल तो आकडा धरा. फरक झाला १०,००० रुपये.

समजा स्थिर वाइसवर एका फ्लायला १० मिनिटं लागतात आणि रोटरीवर ९. दिवसाचे ४ तास, म्हणजे २४० मिनिटं. स्थिरवर २४ फ्लाय झाल्या, रोटरीवर २६. दोन जास्त. दोन गुणिले २६, म्हणजे दिवसाला ५२ रुपये जास्त. १०,००० भागिले ५२ केलं की साधारण १९३ दिवस येतात. महिन्याला २० दिवस काम केलं तर नऊ-दहा महिन्यांनी वाइसमधला फरक वसूल. वाईट नाही, पण एक अट आहे: त्या दोन जास्तीच्या फ्लाय रोज विकल्या गेल्या पाहिजेत.

आता समजा तुमच्याकडे महिन्याला २०० फ्लायचीच ऑर्डर आहे. स्थिर वाइसवर ते काम साडेआठ दिवसांच्या आत होतं. रोटरी घेतला तर महिन्याला २०० मिनिटं वाचतील, म्हणजे ३ तास २० मिनिटं. हातात एक रुपयाही जास्त येणार नाही. तिथे अडलेलं आहे ते गिऱ्हाईक, हत्यार नव्हे.

तिसरी परिस्थिती बघा, ती सगळ्यात डोळे उघडणारी आहे. समजा तुमच्याकडे मऊ जबड्याचा स्वस्त वाइस आहे. गळ सरकतो, बांधणी ढिली होते आणि २४ मधल्या ४ फ्लाय गिऱ्हाईक परत पाठवतं. त्या चार विकल्या गेल्या असत्या तर १६० रुपये आले असते, माल तर खर्च झालाच आहे. म्हणजे दिवसाला १६० रुपयांचं नुकसान. रोटरीमुळे मिळणारा फायदा ५२ आणि खराब पकडीमुळे होणारा तोटा १६०. आधी कुठे पैसे घालायचे?

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी पकड, मग ऑर्डर, मग रोटरी. पकड घट्ट असलेला साधा वाइस घ्या. ऑर्डर इतकी वाढू द्या की वेळ कमी पडायला लागेल. तेव्हा रोटरी घ्या, आणि तोही तुमच्या विक्रीत गुंडाळीचे, रेझिनचे नमुने जास्त असतील तरच.

वर मी १० आणि ९ मिनिटं धरली आहेत, ती तुमची नाहीत. ज्याच्याकडे रोटरी आहे अशा माणसाकडे अर्धा दिवस मागा. एकाच नमुन्याच्या १२ फ्लाय स्थिरवर, १२ रोटरीवर बांधा. घड्याळ लावा. पहिल्या चार सोडून द्या, त्या हात बसवण्यात जातात. उरलेल्या आठांची सरासरी काढा. हा तुमचा आकडा. जाहिरातीतला नको, माझाही नको.

कच्चा माल घेताना कायदा विसरू नका

वाइस चुकला तर पैसे जातात. पीस चुकलं तर केस होऊ शकते. नीट वाचा.

मोरपिसाचे धागे जगभर फ्लायमध्ये भरपूर वापरतात आणि मोर तर आपला. त्यामुळे पहिला विचार हाच येतो की मोरपीस घालून फ्लाय बनवू आणि बाहेर पाठवू. इथे थांबा. गळून पडलेल्या मोरपिसांचा देशातला व्यापार चालतो, पण मोरपीस आणि मोरपिसांच्या वस्तू यांच्या निर्यातीवर भारतात बंदी आहे. म्हणजे निर्यातीच्या मालात मोरपीस नको.

दुसरं, राखी रानकोंबडा. सह्याद्रीत राहणारा हा पक्षी. त्याच्या मानेवरच्या डोळ्यासारख्या ठिपक्यांच्या पिसांना जुन्या पद्धतीच्या सामन फ्लायमध्ये मोठं नाव आहे. तो वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. कुणी "गावाकडून आणून देतो" म्हणालं तर हात जोडा. हरणाच्या केसांचंही तेच. क्लाउझरमध्ये वापरतात ते केस अमेरिकेतल्या हरणाच्या शेपटीचे. आपल्याकडच्या चितळ-सांबराचे केस त्या जागी वापरणं म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण. कृत्रिम केस मिळतात, ते घ्या.

चालणारा माल म्हणजे पाळीव कोंबड्याची पिसं. ती स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, रंग आणि लांबीप्रमाणे वेगळी करा आणि हवाबंद डब्यात ठेवा. नाहीतर पावसाळ्यात कीड आणि बुरशी दोन्ही लागतात. परदेशात पिसांचा माल पाठवायचा असेल तर त्या देशाचे प्राणी-आरोग्याचे नियम आयातदाराकडून लेखी मागवा, माल बांधण्याआधी.

विकायचं कुठे?

खरं बोलू. आपल्याकडे गळाने मासे पकडणारे खूप, पण फ्लायने पकडणारे त्यातले थोडे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची जुनी संस्था आहे. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात रावस, जिताडा, तांबोशी यांच्यामागे काठी घेऊन फिरणारी तरुण मंडळी आहेत, पण ती जास्त करून प्लॅस्टिक आणि धातूची आमिषं वापरतात. फ्लायचा गिऱ्हाईक मुख्यतः ट्राउटच्या आणि महासीरच्या नद्यांवर, म्हणजे हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर इकडे सापडतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास करते. त्यामुळे हा मासा महाराष्ट्राला नवा नाही. पण तलावात मासा आहे म्हणून तिथे फ्लाय विकली जाईल, असं गणित मांडू नका.

मोठा बाजार परदेशात आहे आणि तिथे केनिया, श्रीलंका, थायलंड इथले कारागीर आधीपासून आहेत. तिथे भाव डझनावर ठरतो आणि एकसारखेपणा नसेल तर पूर्ण खोका परत येतो. निर्यातीला आयात-निर्यात कोड लागतो, तो डीजीएफटीकडून मिळतो. फ्लाय, गळ, काठ्या यांचा एचएसएन गट ९५०७ आणि वाइसचा ८२०५. अमेरिकेत मासेमारीच्या सामानावर १० टक्के संघीय अबकारी कर लागतो. तो तिथला आयातदार भरतो, पण भाव पाडून मागताना तो तुमच्याकडूनच वसूल करायला बघतो. बोलणी करताना हे डोक्यात ठेवा.

"सर, वाइस आपणच बनवू ना?"

गाळेवाल्या मित्रांसाठी. बॉडी, शाफ्ट, पाट हे लेथवर सहज होतील. अवघड जागा दोन. एक, जबडा: पोलादाची निवड, पाणी देणं आणि नंतर टेम्परिंग. कमी कडक झाला तर खाचा पडतात, जास्त कडक झाला तर टोक उडतं. दोन, मध्य: शाफ्ट, बुश आणि जबडा एका रेषेत राहिले नाहीत तर वरची तपासणी २ नापास. स्वस्त मालाची बदनामी या दोन जागी होते. पहिला लॉट पाचच नगांचा काढा. पाच बांधणाऱ्यांना महिनाभर वापरायला द्या आणि जबड्याचे फोटो मागवा. दुसऱ्या कंपनीचं डिझाइन जसंच्या तसं उतरवण्याआधी पेटंट आणि डिझाइन नोंदणीचा सल्ला घ्या.

पैसे कुठून उभे करायचे?

एका वाइससाठी कर्ज काढू नका. दागिन्यांच्या कामातून महिन्याला थोडं बाजूला टाकूनही तो येतो. व्यवसाय उभा राहिला तर उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मासेमारीचं जाळं बनवणारे आहेत. फ्लाय बांधणं त्या यादीत नाही. कुणी "त्यातून करून देतो" म्हणत पैसे मागत असेल तर सावध.

या आठवड्याचं काम

१. वहीत तीन ओळी लिहा: मी कुठला नमुना विकणार, कुणाला, डझनाला किती रुपयांनी.
२. तीन संभाव्य गिऱ्हाइकांशी बोला आणि प्रत्येकाला नमुन्याच्या सहा फ्लाय दाखवा. तुमच्याकडे वाइस नसेल तर ओळखीच्या माणसाचा एक दिवस मागून घ्या.
३. ऑर्डर लेखी आली, व्हॉट्सॲपवर का होईना, तरच वाइसच्या दुकानाची पायरी चढा. चढताना सात तपासण्यांची यादी खिशात ठेवा.
४. तिन्ही गिऱ्हाइकं नाही म्हणाली, तर तुमचे १२,००० रुपये वाचले. तेही या आठवड्याचं उत्पन्नच समजा.

तुमचा बारा-बारा फ्लायचा वेळ मोजून झाला की आकडे कमेंटमध्ये लिहा: नमुना, गळाचं माप, स्थिरवरची मिनिटं, रोटरीवरची मिनिटं. दहा-पंधरा जणांचे आकडे जमले तर नव्याने सुरू करणाऱ्या ताई-दादांना जाहिरातीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब वहीत, हत्यार तेलात!